मॅडमना हलकं काहीतरी दाखव

“मॅडमना हलकं काहीतरी दाखव रे!”

काउंटरवरच्या मुलाने आतल्या मुलाला ओरडून दिलेली ही ऑर्डर अजून माझ्या कानातून गेलेली नाही. कारण त्याआधी मी जे काही बोलले होते, त्यात ‘हलकं’ कुठेही नव्हतं. मी मोल्ड डिझाइन करते. बाटल्यांची झाकणं, रिमोटची कव्हरं, खुर्च्यांचे पाय, जे जे प्लास्टिकचं म्हणून हाताला लागतं ते ज्या पोलादी साच्यातून बाहेर पडतं, तो साचा आधी मी स्क्रीनवर कॅडमध्ये, म्हणजे डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, उभा करते. जुन्या लॅपटॉपने मान टाकली होती. दुकानात शिरले आणि एका दमात सांगितलं: थ्रीडी कॅड चालवायचंय, असेंब्लीत शेकडो भाग असतात, रॅम किमान ३२ जीबी, आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं आहे ते आधी सांगा.

“वापर काय, मॅडम? गेमिंग की प्रोफेशनल?”

“प्रोफेशनल.”

“म्हणजे एक्सेल वगैरे.”

त्याने हे विचारलं नाही, जाहीर केलं. आणि मग ती आरोळी.

हलकं काहीतरी आलं. गुलाबीसर सोनेरी. मी ते उघडलंसुद्धा नाही. “ग्राफिक्स कार्ड वेगळं असलेला दाखवा,” म्हटल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर प्रकाश पडला. “मग गेमिंगचा बघा ना! मुलासाठी का?” आणि त्याने मला मागच्या भिंतीकडे नेलं. तिथे काळ्या लॅपटॉपांची एक अख्खी रांग इंद्रधनुष्यी रंगांत लुकलुकत होती आणि प्रत्येकाच्या झाकणावर काही ना काही दात विचकत होतं.

इथे काकांचा प्रवेश झाला.

काका लॅपटॉप घ्यायला आलेलेच नव्हते. त्यांच्या फोनला काच बसवायची होती. ती बसवलीही होती, पण तिच्याखाली एक बुडबुडा राहिला होता आणि आतला मुलगा जुन्या एटीएम कार्डाने तो कडेकडेला ढकलत होता. बुडबुडा बाहेर पडेपर्यंत काकांना काही उद्योग नव्हता. मग त्यांनी मला हाती घेतलं.

“ताई, जीबी किती ते विचारा.”

“विचारलंय काका.”

“ते रॅमचं विचारलंत. एकूण जीबी विचारा.”

एकूण जीबी म्हणजे काय हे मला कळेना. काकांनी मुलाकडून एक पेन मागून घेतलं आणि एका जाहिरातीच्या कागदाच्या कोऱ्या बाजूवर बेरीज मांडली. पहिल्या लॅपटॉपची रॅम ३२, डिस्क ५१२, ग्राफिक्स कार्डाची मेमरी ८. एकूण ५५२. शेजारच्याची रॅम १६, डिस्क १०२४, कार्डाची ६. एकूण १०४६. खाली दोन रेघा ओढून काका म्हणाले, “बघा. जवळजवळ दुप्पट. आणि हा पहिला तुमच्या गळ्यात मारत होते.”

मी त्यांना सांगायचा प्रयत्न केला की हे तीन आकडे एकमेकांत मिळवता येत नाहीत. काका म्हणाले, “जीबीच आहेत ना तिन्ही?” याला उत्तर नाही. तिन्ही जीबीच होते.

मी वॅट विचारले. हा प्रश्न महत्त्वाचा असतो आणि तो कोणी विचारत नाही. लॅपटॉपमधल्या एनव्हीडिया कंपनीच्या ग्राफिक्स कार्डाचं आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॅटवर चालणाऱ्या चिपलाही मिळतं आणि ११५ वॅट खाणाऱ्यालाही. स्टिकर एकच. पातळ लॅपटॉपात ती बिचारी श्वास धरून बसते, जाडजूड लॅपटॉपात मोकळी सुटते. “यातलं ४०६० किती वॅटचं?” असं विचारल्यावर मुलाने चार्जर उलटा करून वाचला आणि म्हणाला, “२३०.” मी म्हटलं, हे चार्जरचे झाले, कार्डाचे सांगा. मुलगा काकांकडे बघायला लागला. काकांनी क्षणभर विचार केला.

“ताई, वॅट कमी तोच घ्या. वीजबिल कमी येईल.”

मुलाने मान डोलावली. इथून पुढे तो मुलगा माझा राहिला नाही. मी काहीही विचारलं की उत्तर काकांना मिळायचं आणि काका ते माझ्यापर्यंत पोचवायचे. मी म्हणायचे, “डिस्प्ले कितीचा?” मुलगा काकांना म्हणायचा, “१६५ हर्ट्झ आहे, सर.” काका मला सांगायचे, “चांगला आहे म्हणतोय.” मी म्हटलं, मला हर्ट्झ नकोत, रंग बरोबर दिसायला हवेत. मुलगा काकांना म्हणाला, “रंग मस्त आहेत, सर.” शेवटी तर त्याने त्यांना विचारलं, “मॅडमचं बजेट काय आहे?”

काका माझ्या ओळखीचे नव्हते. पंधरा मिनिटांपूर्वी मी त्यांना जन्मात पाहिलेलं नव्हतं. तरी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा न्याहाळलं आणि एक आकडा सांगितला. सगळ्यात चीड याची आली की तो जवळजवळ बरोबर होता.

मग त्यांनी वजनाची परीक्षा घेतली. एकेक लॅपटॉप तळहातावर घेऊन डोळे मिटायचे. झाकणावर टिचकी मारून आवाज ऐकायचे. “याला वजन आहे. वजन आहे म्हणजे आत माल आहे.” तत्त्व अगदीच चुकीचं नाही, आत तांब्याच्या नळ्या आणि पंखे असतातच. पण दुकानातल्या पाटीवर लिहिलेलं वजन चार्जर सोडून असतं, ही लबाडी काकांच्याही नजरेतून सुटली. काही गेमिंग लॅपटॉपांबरोबर ३३० वॅटचा चार्जर येतो. तो पिशवीत टाकला की खांद्याला कळतं. आणि तो घरी ठेवायचीही सोय नाही, कारण प्लग काढला की कार्ड लगेच अंग चोरतं. बॅटरी मोठी का देत नाहीत म्हणाल, तर विमानात विशेष परवानगीशिवाय १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी नेता येते. म्हणून जगातले दांडगे लॅपटॉप ९९ च्या आसपास येऊन थबकतात. अर्थात माझ्या कामाला विमान लागत नाही, प्लग लागतो.

“हे दिवे बंद होतात का?” काकांनी कीबोर्डकडे बोट दाखवलं.

“होतात, सर. पण मग घ्यायचा कशाला?”

एवढं प्रामाणिक उत्तर मला त्या दुकानात दुसरं मिळालं नाही.

“ताई, मग हा तुमच्या मिटिंगमध्ये चालायचा नाही,” काका म्हणाले. “मोठे लोक बसलेत आणि तुमच्या पुढ्यात हे असं लुकलुकतंय. म्हणतील, बाई घरून पोराचा उचलून घेऊन आल्या. चिरंजीवांसाठी असेल तर गोष्ट वेगळी.”

मी त्यांना सगळं समजावून सांगायचं ठरवलं. त्यांच्याकडे वेळ होता, बुडबुडा अजून आतच होता. म्हटलं, काका, आतलं यंत्र एकच असतं. गेमिंगमधलं आरटीएक्स ४०६० आणि प्रोफेशनलमधलं आरटीएक्स २००० एडा, दोन्हींत एडी१०७ नावाची एकच चिप. ३०७२ कोअर यात, तेवढेच त्यात. मेमरी ८ जीबी इथे, ८ जीबी तिथे. बनवणारेही तेच. लेनोव्हो एका हाताने लीजन विकते, दुसऱ्या हाताने थिंकपॅड पी. एचपीचं ओमेन आणि एचपीचंच झेडबुक. डेलचं एलियनवेअर आणि डेलचंच प्रिसिजन, ज्याला २०२५ मध्ये प्रो मॅक्स म्हणायचं असं ठरलं.

“मग फरक काय?”

फरक परवानगीचा, काका. चिपला येत असतं, पण तिला करू द्यायचं की नाही हे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, ठरवतो. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये रिअलव्ह्यू नावाचं बटण आहे. ते दाबलं की पोलाद पोलादासारखं चकाकतं. प्रोफेशनल कार्ड असेल तर ते चालतं. गेमिंग कार्ड असेल तर बटण दिसतं, पण राखाडी. दाबून बघा, काही होत नाही. २०१७ साली एनव्हीडियाने टायटन एक्सपी या कार्डासाठी नवा ड्रायव्हर काढला आणि मायासारख्या अॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच कार्ड तिप्पट वेगाने धावेल असं जाहीर केलं. लोकांनी विकत घेतलेलं कार्ड बदललं नव्हतं, एक स्क्रूही हलला नव्हता. तो वेग आधीपासून आतच होता, कुलूप लावून. फोटोशॉपमधला दहा बिटी, म्हणजे जास्त बारीक छटांचा, रंगही तसाच. गेमिंग कार्डांना तो २०१९ मध्ये मिळाला, तोही ड्रायव्हरमधूनच. इतकी वर्षं त्या कार्डांना काय रंगांधळेपणा होता का?

हे बोलता बोलता माझा आवाज चढला असावा, कारण आतल्या मुलाने बुडबुडा ढकलायचा थांबवला. मला राग पैशाचा नाही. प्रोफेशनल कार्डाच्या सर्टिफिकेटलाही अर्थ आहे. सॉफ्टवेअरवाले ठरावीक कार्ड आणि ठरावीक ड्रायव्हर तपासून यादी करतात, आणि मध्यरात्री असेंब्ली कोसळली की सपोर्टवाल्यांचा पहिला प्रश्न तोच असतो: कार्ड यादीत आहे का? ‘आहे’ म्हणता यावं म्हणून जास्तीचे पैसे मोजायचे. ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी चित्रं रेंडर करणाऱ्याने ते मोजायचं काहीच कारण नाही, त्याने खुशाल लुकलुकणारा घ्यावा. माझं पोट कॅडवर आहे, मला यादी लागते. पण ही यादी हवी म्हणून मी कोण हे सिद्ध करायचं, तेही अशा दुकानात जिथे प्रोफेशनल म्हणजे एक्सेल, हे मला झेपत नाही. यादीतला दाखवा, म्हटलं.

“तो नाही ठेवत, मॅडम. तो कंपनीकडून मागवावा लागतो.” म्हणजे इतका वेळ ‘गेमिंग की प्रोफेशनल’ हा जो सवाल चालला होता, त्यातला दुसरा पर्याय दुकानात नव्हताच. मुलाने स्वतःच्या फोनवर फोटो काढून दाखवला. काळा, चौकोनी, एकही दिवा नाही. काकांनी फोन लांब धरून पाहिला, जवळ घेऊन पाहिला.

“सेकंडहँड आहे का हो?”

तेवढ्यात बुडबुडा बाहेर पडला. काकांनी काचेवरून अंगठा फिरवून खात्री केली, पैसे दिले, आणि जाता जाता मला म्हणाले, “१०४६ वालाच घ्या.” मुलगा त्यांना दारापर्यंत सोडायला गेला.

आता जे दुकानात बोलले नाही ते सांगते. मी गेम खेळते. रात्री काम संपलं की साडेनऊला ऑनलाइन गाड्यांची शर्यत असते आणि मी बरी चालवते. हे तिथे सांगितलं असतं तर माझं ३२ जीबी आणि माझं यादीतलं कार्ड, सगळं एका क्षणात ‘अच्छा, टाइमपास’मध्ये गेलं असतं. प्रोफेशनल कार्डावरही गेम चालतात, चांगले चालतात. पण हे तुम्हाला कोणी सांगत नाही. दोन्ही बाजूंना भिंतीपलीकडचं माणूस आपल्यात नको असतं.

घरी येऊन कंपनीच्या साइटवर गेले. हा लॅपटॉप ‘घरासाठी’मध्ये नव्हता, ‘व्यवसायासाठी’मध्ये होता, आणि किंमत बघण्याआधी फॉर्म होता. कर्मचारी संख्या: सर्वांत लहान पर्याय १ ते ५०. मी त्या एकात बसले. दुसऱ्या दिवशी फोन आला.

“मॅडम, आपल्या आयटी विभागातल्या कोणाशी बोलता येईल?”

“बोला.”

“नाही, म्हणजे खरेदीचा निर्णय कोण घेतं?”

“मीच.”

“ओके. किती युनिट?”

“एक.”

“म्हणजे पायलट प्रोजेक्ट. आणि पुढच्या टप्प्यात?”

“पुढच्या टप्प्यात मी ते वापरणार.”

त्याने काहीतरी टाइप केलं. लॅपटॉप आला, चांगला आहे, बटण राखाडी नाही. मेल मात्र थांबायला तयार नाहीत. सगळे ‘माननीय आयटी विभागप्रमुख’ यांना. आपल्या ताफ्यातल्या लॅपटॉपांची देखभाल कशी करावी, आपल्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड कसे सांभाळावेत. कालच्या मेलमध्ये एका वेबिनारचं निमंत्रण आहे: कंपनीच्या मशीनवर कर्मचारी गेम खेळत असतील तर ते कसं ओळखावं आणि रोखावं. विषय जिव्हाळ्याचा आहे, नाव नोंदवलंही असतं. पण तो रात्री साडेनऊला आहे.