‘दरबारी लावा, स्मृतिभ्रंश घालवा’ हे खरं नाही

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, भजनी मंडळांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: वयस्कर माणसाला रोज दरबारी राग ऐकवा, घरात दिवसभर संगीत चालू ठेवा, हातात रंग द्या, स्मृतिभ्रंश बरा होतो, गोळ्या सुटतात.

बरा होत नाही. स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण असलेला अल्झायमर बरा करणारं औषध आजही नाही, आणि तसा रागही नाही. संगीताच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली घेतला. किमान पाच सत्रांनंतर उदासी कमी होते, वागण्यातल्या तक्रारी एकंदरीत थोड्या घटतात, असं त्यात दिसलं. स्मरणात आणि आकलनात फरक जवळजवळ नाही. उदासी उतरणं ही काय लहान गोष्ट आहे? तिला खोट्या आशेची जोड नको. गोळ्या तर परस्पर बंद करूच नका. विसरणं नुकतंच सुरू झालं असेल तर आधी बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. दोन-चार दिवसांत एकदम भ्रम झाला, तर लघवीचा संसर्ग किंवा सोडियम घटणं अशी कारणं असू शकतात. तिथे गाणी लावत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

दरबारीच का, याला काही आधार नाही. साधारण १० ते ३० या वयात कानावर पडलेली गाणी सर्वांत घट्ट बसतात. १९४५ चा जन्म असेल तर १९५५ ते १९७५ मधली. पंचवटीत काकड आरती ऐकत वाढलेल्या आजी आणि विविध भारतीवर पोसलेले, नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आजोबा, यांची यादी एक कशी असेल? भावंडांना विचारून १५-२० गाणी काढा, एका वेळी तीनच लावा. ओठ हलले, बोटांनी ठेका धरला तर गाणं ठेवा. मान फिरवली, पदराशी चाळा सुरू झाला तर काढा. डोळ्यांत पाणी आलं म्हणून लगेच बंद करू नका, हात धरून बसा. रडू थांबेनाच, तर गाणं बदला.

दिवसभर चालू ठेवणं ही यातली सर्वांत घातक सूचना. उतारवयात वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, त्यामुळे स, श, फ ऐकू येत नाहीत आणि शब्द कळत नाहीत. म्हणून घरचे आवाज वाढवतात. पण अशा कानाला जरासा वाढलेला आवाजही टोचतो. माणूस चिडतो, आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. टीव्ही बंद करा, स्पीकर समोर तीन फुटांवर ठेवा, २० ते ३० मिनिटांत थांबा. संध्याकाळी पाचनंतर अस्वस्थपणा येत असेल तर साडेचारला लावा. गाणी मेमरी कार्डावर घ्या. यूट्यूबवर मधेच कर्कश जाहिरात लागली की माणूस दचकतो. श्रवणयंत्रावर हेडफोन चढवला तर शिट्टी वाजते.

रंग जरूर द्या, पण लहान मुलांची चित्रं रंगवायची पुस्तकं नकोत. त्यात मान राहत नाही. जिने चाळीस वर्षं अंगणात रांगोळी काढली, तिला काळ्या ताटात पांढरी रांगोळी द्या: वाकावं लागत नाही, रेघही नीट दिसते. सांधे दुखत असतील तर ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून अंगठ्याएवढा जाड करा. रंगाचं पाणी पेल्यात ठेवू नका, पिऊन टाकतात. पसरट वाडगा घ्या.