लसणाची पाकळी, रॉकेलचा थेंब: गोचिड्यांच्या त्या संदेशाला उत्तर

दर पावसाळ्यात एक संदेश सोसायटीच्या आणि श्वानप्रेमींच्या ग्रुपवर फिरायला लागतो. यंदा माझ्याकडे तो चार जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा: 'गोचीड-पिसवांच्या गोळ्या म्हणजे विष, त्यांनी कुत्र्यांना फिट येतात. रोज लसणाची एक पाकळी चारा. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ घाला. गोचीड दिसली की रॉकेलचा थेंब टाका. फारच झाल्या तर गुरांचं औषध आणा, स्वस्त पडतं. घरात राहणाऱ्या कुत्र्याला काहीच लागत नाही. आणि भटक्या कुत्र्यांना वस्तीतून हाकला, माकडताप त्यांच्या गोचिड्यांनीच पसरतो.'

घरातल्या कुत्र्याला काही लागत नाही, हे मीही खरं मानत होते. आमची राणी तिसऱ्या मजल्यावर राहायची, दिवसातून दोनदा खाली फिरून यायची. एका ऑक्टोबरात तिने दोन दिवस खाणं सोडलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या अंथरुणावर रक्ताचे थेंब होते, नाकातून आलेले. रक्त तपासलं तेव्हा प्लेटलेट्स अकरा हजारांवर आल्या होत्या. निरोगी कुत्र्याच्या साधारण दोन लाखांच्या वर असतात. तिला गोचिडीच्या चाव्यातून होणारा एर्लिचिया हा आजार झाला होता. पाचव्या दिवशी ती गेली. त्यामुळे उत्तराची सुरुवात याच ओळीपासून करते.

आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्वांत जास्त आढळते ती तपकिरी गोचीड. इतर बऱ्याच गोचिड्यांना झाडी लागते, ओलावा लागतो. हिला मात्र आपलं घर चालतं, किंबहुना मानवतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू कुत्र्याचं रक्त पितं, गळून पडतं आणि कात टाकतं. मग पुन्हा कुत्र्यावर चढतं, पुन्हा गळून पडतं. तिसऱ्यांदा चढते ती पूर्ण वाढलेली गोचीड. टम्म फुगलेली मादी खाली पडली की भिंत धरून वर सरकते आणि दाराच्या चौकटीमागे, फरशीच्या पट्टीच्या फटीत किंवा पडद्याच्या शिवणीत हजारोंच्या संख्येने अंडी घालते. या साऱ्या चक्रात तिला घराबाहेर पडावंच लागत नाही. पूर्ण वाढलेली गोचीड काही न खाता कित्येक महिने तग धरते. जिन्यात किंवा लिफ्टमध्ये एक मादी अंगावर चढली, तरी पुढची फौज घरातच तयार होते. आपल्या उबदार हवेत वर्षाला अशा कितीतरी पिढ्या होतात, म्हणून 'पाऊस संपला की गोचिड्या संपल्या' हेही खरं नाही. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीच्या भिंतीत असतात.

पिसवांचंही तेच, उलट जास्तच. एकूण पिसवांपैकी कुत्र्याच्या अंगावर असतात त्या शंभरात पाचेक. बाकी अंडी, अळ्या आणि कोष अंथरुणात, सोफ्याच्या सांध्यात, गालिच्यात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने थांबते आणि माणसा-कुत्र्याची चाहूल लागली की बाहेर उडी मारते. बंद ठेवलेलं घर उघडल्यावर एकदम पिसवा चावायला लागतात त्या यामुळे. कुत्र्याने अंग चावताना पिसू गिळली तर पट्टकृमी होतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर जंताच्या औषधाबरोबर पिसवांचाही बंदोबस्त करावा लागतो, नाहीतर जंत परत येतात.

आता लसूण. लसणाच्या वासाने गोचीड पळते याला भरवशाचा पुरावा नाही. लसणातल्या गंधकयुक्त घटकांनी कुत्र्याच्या लाल पेशींना इजा होते याला मात्र आहे. जपानमध्ये होक्काइदो विद्यापीठात २००० साली कुत्र्यांना सात दिवस लसणाचा अर्क देऊन पाहिला. मात्रा मोठी होती, वजनाच्या किलोमागे पाच ग्रॅम लसणाइतकी. त्यांच्या लाल पेशी आणि हिमोग्लोबिन घटलं, पेशींमध्ये बिघाडाच्या खुणा दिसल्या. एका पाकळीने तुमचा लॅब्रेडॉर दगावणार नाही, हे मी मान्य करते. पण तीच पाकळी तीन किलोच्या पॉमेरेनियनला रोज, वर्षभर? गोचिडीच्या चाव्यातून होणारा बबेसिया हा आजार नेमक्या लाल पेशीच फोडतो. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. त्या कुत्र्याच्या पेशी आपणच आधी दुबळ्या करून ठेवायच्या का?

कडुनिंबाबद्दल मला आदर आहे. त्याच्या अर्काचा गोचिड्यांवर परिणाम होतो. पण आंघोळीचं पाणी वाळलं की राखण संपते, आणि भिंतीतल्या गोचिडीला त्या आंघोळीची खबरही नसते. स्वच्छतेसाठी जरूर घाला, संरक्षण म्हणून मोजू नका.

रॉकेल मात्र आजच्या आज बंद करा. त्याने कातडी भाजते, कुत्रा ते चाटतो, आणि पोटात गेलेलं रॉकेल उलटीबरोबर फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. काडी लावून चटका देणं किंवा व्हॅसलीन थापणं हे त्याचेच भाऊबंद. डिवचलेली गोचीड तोंडातली लाळ जखमेत सोडण्याचा धोका असतो, आणि रोगजंतू त्या लाळेतच असतात.

गुरांच्या औषधाची बाटली स्वस्त असते, कारण ती पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळून म्हशीच्या अंगावर फवारायची असते. झाकणभर औषध अंदाजाने पाण्यात टाकून पिल्लाला त्यात बुडवलं की ते लाळ गाळू लागतं, थरथरतं, निपचित पडतं. गुरांच्या आयव्हरमेक्टिन या औषधाचं इंजेक्शन तर कोली ही कुत्र्यांची जात आणि तिच्या जवळच्या जातींच्या जिवावर बेतू शकतं. त्यांच्यातल्या अनेकांत एक जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे हे औषध मेंदूत शिरतं. ते जनुक २००१ मध्ये सापडलं. घरात मांजर असेल तर आणखी एक सांगते: कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, ते मांजराला मारक आहे. पाकीट वाचल्याशिवाय फोडू नका.

'गोळ्यांनी फिट येतात' या वाक्यात मात्र तथ्याचा अंश आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. अफॉक्सोलानर, फ्लुरालानर या गटातल्या गोळ्यांमुळे काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिला. त्याच इशाऱ्यात या गोळ्या बहुतेक कुत्र्यांसाठी सुरक्षित असल्याचंही म्हटलं होतं. संदेशात पहिला भाग आला, दुसरा गळला. या औषधांचा मारा मज्जातंतूंतल्या ज्या मार्गांवर होतो, ते कीटक आणि गोचिड्यांमध्ये सस्तन प्राण्यांपेक्षा कितीतरी जास्त हळवे असतात. तुमच्या कुत्र्याला पूर्वी झटका आला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. फ्लुमेथ्रिन-इमिडाक्लोप्रिडचा पट्टा किंवा मानेवर टाकायचं फिप्रोनिल असे दुसरे मार्ग आहेत. गोळीची एक मर्यादाही माहीत हवी: गोचीड चावल्यानंतरच ती मरते. राणीला झालेला एर्लिचिया गोचीड चिकटल्यापासून काही तासांतच रक्तात उतरू शकतो. म्हणून गोळी चालू असली तरी फिरून आल्यावर अंग तपासायचंच.

भटक्या कुत्र्यांवरचा आरोप मला सर्वांत जास्त लागतो. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग, मग सावंतवाडी तालुक्यात त्याने माणसं दगावली. पण तो मुख्यतः पसरवते ती जंगलातली वेगळी गोचीड, रानात काजू-लाकडं गोळा करायला जाणाऱ्यांना चावणारी. कुत्री हाकलून तो आटोक्यात येणार नाही. तपकिरी गोचिडीपासून माणसाला टिक टायफस हा ताप येऊ शकतो, हे खरं. त्यावर उपाय आहे वस्तीतल्या कुत्र्यांनाही औषध देणं. आमच्या गल्लीत आम्ही पाच घरं मिळून वर्गणी काढून ते करतो.

गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता सरळ, सावकाश ओढा. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या बुडाशी जरूर बघा. काढलेली बोटांत चिरडू नका, स्पिरिटच्या डबीत टाका आणि डबीवर तारीख लिहा. पुढच्या तीनेक आठवड्यांत ताप आला, खाणं सुटलं किंवा कुत्रा नुसता पडून राहू लागला, तर थांबू नका. त्याच दिवशी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना ती तारीख दाखवा. एर्लिचिया वेळेत कळला तर डॉक्सिसायक्लिनच्या अठ्ठावीस दिवसांच्या गोळ्यांनी बहुतेक कुत्री बरी होतात.