हळद, भिंत आणि माझी उडी

पुरुषांच्या व्हॉलीबॉलचं नेट २.४३ मीटर उंच असतं, पण आमच्या गोव्यातल्या पेडण्यात भात कापून झाल्यावर शेतात खांब रोवून जे नेट बांधतात ते मधे मस्त ढिलं पडायचं आणि मी वर्षानुवर्षं बरोबर तिथेच उभा राहून स्मॅश मारायचो. यंदा कुणीतरी तारवालं नवीन नेट आणलं. ताठ. झालं, आमचं करिअर संपलं.

उडी वाढवायची म्हणून भाच्याला गाठलं, तो फिजिकल एज्युकेशन शिकतोय. तो म्हणाला, "मामा, आधी टेस्ट." बोटांना खडू लावायचा, भिंतीला टेकून हात वर करून एक खूण, मग उडी मारून दुसरी, मधलं अंतर म्हणजे तुमची उडी. डडली सार्जंट नावाच्या अमेरिकन माणसाने १९२१ साली ही टेस्ट मांडली, त्याची भिंत नुकतीच चतुर्थीला रंगवलेली नसणार. खडू नव्हता म्हणून भाच्याने हळद दिली (बायको तेव्हा म्हापशाला गेलेली). अंतर निघालं जेमतेम एक वीत, तेही पहिली खूण करताना मी हात जरा आखडता घेतलेला म्हणून.

मला वाटलेलं आता उड्या. तर म्हणे नाही, आधी उतरायला शिका! पायरीवरून खाली यायचं, गुडघे वाकवून, गुडघे आत वळू न देता, आणि आवाज अजिबात नको. त्यामुळे रोज संध्याकाळी एक पोक्त माणूस पायरीवर चढतो, गुपचूप उतरतो, थोडा वेळ तसाच वाकून उभा राहतो, परत चढतो, हे अख्ख्या वाड्याने पाहिलं. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकल थांबवून विचारून गेला, "कितें जालें रे?" शेजारच्या काकींनी आईला हळूच सांगितलं, याला कुणाला तरी दाखवा.

मग खांद्यावर तांदळाची पिशवी घेऊन उठाबशा, पायात ताकद नसेल तर उडी येणार कुठून. आणि त्यानंतर खरी गंमत, चटकन खाली वाकायचं आणि त्याच झटक्यात वर, हात मागून जोरात वर फेकत. स्नायू आणि टाचेमागची शीर रबरासारखी ताणली जाते, खाली रेंगाळलात की तो ताण वाया. आता माझ्या वयात माणूस एकदा खाली गेला की दोन मिनिटं टेकतोच ना! उंचावरून उडी टाकून जमिनीला पाय लागताच परत वर उसळायचं ते रशियन कोच व्हेरखोशान्स्कीचं ट्रेनिंग मी मोबाईलवर बघून ठेवलेलं, भाचा म्हणाला, "ते पाय तयार झाल्यावर. तोवर मोरजीला चला." वाळूत उडी कमी भरते पण उतरताना सांध्यांना बरं पडतं. शिवाय किनाऱ्यावर टुरिस्ट इतके काय काय करत असतात की माझ्याकडे कोण बघतोय.

सगळ्यात मन लावून केलं ते विश्रांतीचं काम. जोरदार उड्यांनंतर निदान ४८ तास पाय मोकळे सोडायचे असतात.

"काय चाललंय?" बायको.

"ट्रेनिंग."

"झोपून?"

भाच्याने मध्ये पडून स्नायू विश्रांतीतच भरून येतात वगैरे समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि हळदीचा विषय काढला.

पण उडी वाढली हां! चार बोटं तरी. नव्या नेटच्या वर आता पंजा जातो. फक्त पूर्वी मी आणि चेंडू एकाच वेळी पोचायचो, आता मी आधी वर जातो, खाली येतो, अगदी आवाज न करता, आणि मग चेंडू येतो. स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा लिफ्टर वैतागून भाच्याला विचारत होता, मामाला थोडं खाली आणता येईल का.