कामाचे तुकडे आधी पाडा

एका लेखात म्हटलंय, खुल्या (म्हणजे ज्याचं डिझाइन कुणालाही बघता-बदलता येतं अशा) प्रोसेसरच्या कामाला स्वयंसेवक येतात पण टिकत नाहीत. टिकतील कसे? नवख्यापुढे थेट 'पाइपलाइन (सूचना टप्प्याटप्प्याने चालवणारी रचना) सुधारा' असं काम टाकलं तर तो पळणारच! रत्नागिरीत आम्ही काही जण रिस्क-फाइव्ह या खुल्या सूचनासंचाचा छोटा ३२ बिटी कोअर, म्हणजे प्रोसेसरचा गाभा, करतोय. नव्या मुलांना पहिलं काम देतो ते प्रोसेसरच्या एकाच सूचनेची (इन्स्ट्रक्शनची) चाचणी लिहिण्याचं. उदाहरणार्थ 'एलबी' (लोड बाइट, म्हणजे मेमरीतला एक बाइट रजिस्टर या प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीत आणणं): मेमरीतून उचललेल्या बाइटचा सगळ्यात वरचा बिट १ असेल, तर रजिस्टरचे उरलेले २४ बिटही १ व्हायला हवेत, 'एलबीयू' या तिच्या चिन्हविरहित भावंडात मात्र ते कायम ०. एवढ्यावरही भल्याभल्यांचं डिझाइन अडकतं. डिझाइन संगणकावरच चालवून बघायचं व्हेरिलेटर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं, एफपीजीए बोर्ड (ज्यावरच्या चिपमध्ये आपलं डिझाइन भरून चालवता येतं) नंतर बघता येतो. आमच्याकडे पावसात लाइट गेली की कधी येईल नेम नाही, म्हणून एका बैठकीत संपेल एवढंच काम द्यावं. मॉड्यूलांमधले (डिझाइनच्या वेगवेगळ्या भागांमधले) सिग्नल आधी ठरवून लिहून ठेवा, नाहीतर दोघांचं काम जोडताना वाट लागते. आणि कुणी बदल पाठवला तर लवकर तपासा हो! आठवडाभर उत्तर नाही म्हटल्यावर चांगला मुलगा कायमचा जातो. चाचणी लिहिणाऱ्याचं नावही डिझाइन करणाऱ्याच्या बरोबरीने लागलं पाहिजे, हे माझं ठाम मत.