समुद्र दिसला की टोकन द्या

नाशिक सोडून एकट्यानं मुंबईत राहायला जायचं म्हटलं की पहिला प्रश्न एरियाचा. हा प्रश्न जाणकाराला विचारू नये. जाणकार माणूस रुक्ष असतो, तो लगेच विचारतो, "ऑफिस कुठल्या लाइनला?" तुम्ही आधी समुद्र बघा, मग घर. ऑफिस कुठे आहे ते जॉइन झाल्यावर कळेलच.

घर बघायला जानेवारीतला रविवार निवडा. महिना आणि वार दोन्ही महत्त्वाचे. जानेवारीत मुंबईची हवा बरीचशी माणसांत आलेली असते. भिंती कोरड्या असतात, गटारं आपल्या जागी असतात आणि घाम पुसायला रुमाल लागत नाही. रविवारी रस्ते मोकळे. ब्रोकर गाडीत बसवून वांद्र्याहून अंधेरीला नेतो आणि सहज म्हणतो, "बघा, वीस मिनिटं." घड्याळ लावून बघा, खरंच वीस होतात. सोमवारी सकाळी साडेनऊला तेच अंतर किती वेळ खातं हे बघायचं तर रजा टाकावी लागेल, आणि भाड्याच्या घरासाठी कोण रजा टाकतं! जुलैत भर पावसात छत्री घेऊन घर बघायला जाणारी माणसं संशयी असतात. ब्रोकर त्यांचे फोन उचलत नाहीत.

जाहिरातीत "स्टेशनपासून पाच मिनिटं" असं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. कुठून कुठपर्यंत पाच, हे विचारणं असभ्यपणाचं. बहुधा ती बिल्डिंगच्या गेटपासून रेल्वेच्या भिंतीपर्यंतची असतात. भिंतीपलीकडे रूळ, रुळांपलीकडे स्टेशन, आणि पूल तेवढा पाऊण किलोमीटर पुढे. लिफ्टची वाट, शेअर रिक्षाची रांग, पुलाच्या पायऱ्या आणि आपला डबा जिथे लागतो तिथवर फलाटावरची चाल, एवढं धरलं की पाचाचे पंचवीस होतात. शालिमारला उभं राहून रिक्षाला हात करायची सवय असेल, तर वांद्रे-सायनच्या दक्षिणेला घर घ्या. तिथे रिक्षाच नाही, म्हणजे सवयही आपोआप सुटते.

पूर्व आणि पश्चिम यांच्यात नुसते रूळ असतात, असंच समजून चाला. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा लोकांनी बघितलं की त्याला मिळायचा तो बर्फीवाला उड्डाणपूल दीडेक मीटर खालीच राहिला आहे. दोन्ही पूल एकमेकांकडे बघत उभे. त्यांची भेट व्हायला जुलै उजाडला. असल्या किरकोळ गोष्टींसाठी "ऑफिस पश्चिमेला, तर घरही पश्चिमेला" असला हट्ट धरू नका.

घरचे मात्र कल्याणचा आग्रह धरतील. शुक्रवारी संध्याकाळी पंचवटी एक्स्प्रेस कल्याणलाच पकडता येते, चुकली तर कसारा लोकल आहे, आणि आई निर्धास्त. हिशोब बिनतोड आहे. महिन्यातून चार वेळा घरी येताना तासभर वाचतो. त्याबदल्यात महिन्याचे पंचवीस दिवस सीएसएमटीपर्यंत ५४ किलोमीटर उभ्यानं जायचं, आणि तेवढंच परत. ऑफिस चर्चगेटच्या बाजूला असेल तर आणखी छान. लाइन बदलायला दादरचा पूल रोज दोनदा चढायला मिळतो, जिमचे पैसे वाचतात.

आता पाणी. नाशिककराला पुराचं कळतं, असा आपला समज आहे आणि तो खरा आहे. गोदेला पूर आला की आपण नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतो: गुडघ्याला लागलं, कमरेला आलं, छातीला, गळ्याला. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे आधी समजतं, आणि नदीकाठचा दुकानदार माल वर चढवतो. हीच विद्या जशीच्या तशी मुंबईला न्या, फसगत हमखास. तिथे पाणी आभाळातून येतं, आणि जायची वाट समुद्र अडवून बसतो. पावसाळी नाल्यांची तोंडं समुद्रात उघडतात. भरती चढली की तीच तोंडं बुजतात, आणि रस्त्यावरचं पाणी ओहोटीची वाट बघत तुमच्या पार्किंगमध्ये मुक्कामाला येतं. शहराची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून आखलेली, तीही ओहोटी असेल तर. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. नाशिक शहरावर एरवी अख्ख्या वर्षात एवढा पडत नाही.

हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं दर जूनमध्ये पाणी तुंबल्याच्या बातम्यांत येतात. तुम्ही जानेवारीत घर बघताय, तेव्हा ती तुमच्या कानावर यायचं कारण नाही. हिंदमाताच्या पाण्यासाठी आता जमिनीखाली टाक्या बांधल्या आहेत, किनाऱ्यावर पंप आहेत, पाणी पूर्वीपेक्षा लवकर उतरतं. उतरायला ते आधी चढावं लागतं, हे ब्रोकरला बोलून दाखवू नका.

एक गोष्ट मात्र नाशिकच्या माणसाच्या सोयीची आहे. भरतीची वेळ पंचांगातून निघते. तिथीला पाऊणनं गुणायचं, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा-बारा. रोज पाऊण-एक तास पुढे. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपासची ती उधाणाची भरती. समुद्र साडेचार मीटरच्या वर चढतो असे पावसाळ्यातले दिवस महापालिका आधीच जाहीर करते. घरमालकानं चावी द्यायला नेमकी आषाढी अमावस्या काढली तर दुपारी बारालाच टेम्पो बोलवा. गादी वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत तुम्हाला गल्लीची पूर्ण माहिती झालेली असेल.

घर बघताना नजर वर ठेवा: फॉल्स सीलिंग, पंखा, खिडकी. खाली बघू नका, कारण मुंबईच्या प्रत्येक सखल गल्लीत एक दुतोंड्या मारुती असतो, फक्त त्याला शेंदूर नसतो. तळमजल्यावरची विजेची मीटरं छातीच्या उंचीऐवजी डोक्याच्या वर का बसवली आहेत? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा सगळ्यात खालचा फळा रिकामा का आहे, आणि त्याचा फ्रिज विटांच्या चौथऱ्यावर का चढलाय? तळमजल्याच्या दारांना आडवा दीड फुटी बांध कोणी घातला, ज्यावरून आजीबाई हात धरून घरात उतरतात? जिन्याखाली भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला तपकिरी रेघ आहे आणि तिच्याखाली रंग वेगळा. ही रेघ दिसलीच तर तिला टू-टोन पेंटिंग म्हणा. वॉचमनला तर काहीच विचारू नका. ब्रोकर, घरमालक आणि सेक्रेटरी या तिघांना मिळून जे ठाऊक नसतं ते त्याला ठाऊक असतं, आणि दहा रुपयांच्या चहावर तो सगळं सांगून टाकतो.

आता मुख्य आकर्षण, सी-व्ह्यू. पूर्ण सी-व्ह्यू परवडणार नाही, म्हणून 'पार्शियल सी-व्ह्यू' घ्या. त्याची व्याख्या अशी: बाथरूमच्या झडपेची वरची काच काढायची, कमोडचं झाकण लावून त्यावर चढायचं, मान डावीकडे वळवायची, आणि दोन टॉवरच्या फटीतून बोटभर रुंदीची करडी पट्टी दिसते. तो समुद्र. त्या पट्टीचे दरमहा काही हजार वेगळे लागतात. अॅग्रीमेंटमध्ये हा शब्द कुठेच नसतो.

समुद्र दिसो न दिसो, तो घरात येतोच. खारा वारा आधी खिडकीच्या बिजागऱ्या धरतो, मग एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी, मग एमएच-१५ची दुचाकी. नाशिकला पाच वर्षं चकचकीत राहिलेली चेन इथे एका पावसाळ्यात तपकिरी होते. तिला दर पंधरा दिवसांनी तेल देणं म्हणजे गाडीचे उगाच लाड. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवूनच ठेवा, मागे चार बोटं जागा सोडू नका. ऑगस्टमध्ये लेदरचा पट्टा काढाल तेव्हा त्यावर हिरवट मखमल उगवलेली दिसेल. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकायचा सल्ला जुनाट आहे. घरून आणलेला चिवडा उघड्या पिशवीत ठेवा. दुसऱ्या दिवशी तो दात नसलेल्यांनाही खाता येतो.

हाच खारा वारा बिल्डिंगच्या हाडांपर्यंतही जातो. क्षार सिमेंटमधून आत झिरपतात, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून देते. म्हणून बाल्कनीच्या छताचे पोपडे सुटतात आणि आतून लाल सळया डोकावतात. याला गच्चीची गळती म्हणायचं आणि पुढे जायचं. तीस वर्षांवरच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, पण त्याचा रिपोर्ट मागितलात तर सोसायटीला तुम्ही वकील वाटाल. जिन्यात लोखंडी टेकू लावलेले असतील तर उलट निर्धास्त व्हा, इमारतीला कुणाचा तरी आधार आहे.

वासाचं गणित छोटं आहे. किनाऱ्यावर दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून. घर तुम्ही दिवसा बघता. त्यामुळे देवनार किंवा कांजूरचं डम्पिंग ग्राउंड नकाशावर किती लांब आहे ते बघण्याचं कारण नाही, रात्री अकराला ते स्वतः येऊन सांगेल. कोळीवाड्याशेजारी बोंबील वाळताना नाक मात्र मुरडा, आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारही टाका. कोळीवाडा तुमच्या टॉवरच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे, ही त्याची चूक.

राहता राहिले कागद. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं अॅग्रीमेंट, अकरा महिन्यांचं. मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक डिपॉझिटवरचं दहा टक्के दरानं धरलेलं व्याज, या बेरजेवर पाव टक्का. तीस हजार भाडं आणि एक लाख डिपॉझिट धरलं तर साधारण साडेआठशे रुपये, वर नोंदणीचे एक हजार. ब्रोकरच्या चिठ्ठीवरचा 'अॅग्रीमेंट खर्च' याच्या किती पट आहे, हा भागाकार घरी जाऊन करा, त्याच्यासमोर नको. नोंदणी करून घेणं ही १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार घरमालकाची जबाबदारी; तो "नुसती नोटरी करू, आपली माणसं आहोत" म्हणाला तर गहिवरून या. कार्पेट एरिया मोजायला टेपही नेऊ नका. सहाशे फूट म्हणजे सहाशे. त्यात जिना, लिफ्ट आणि गेटवरच्या गणपतीचं देऊळ धरलेलं असलं म्हणून काय झालं?

शेवटी सोसायटीची एनओसी. कमिटी विचारते: एकटेच का? लग्न कधी? नॉनव्हेज? रात्री किती वाजता येता? उत्तरं नम्रपणे द्या. मॅट्रिमोनीवर एवढी चौकशी होत नाही.

एक प्रश्न तेवढा तुम्ही विचारा, आणि तो खरंच विचारा: पाणी किती वाजता येतं? मुंबईत बहुतेक भागांत महापालिकेचं पाणी दिवसातून काही तासच असतं, आणि जुन्या इमारतीत टाकी लहान असली की नळ त्या वेळेलाच वाहतो. त्यातलं काही पाणी अप्पर वैतरणेचं, म्हणजे आपल्या इगतपुरी तालुक्यातलं. ना ब्रोकर, ना डिपॉझिट, ना कमिटीचा इंटरव्ह्यू, थेट स्वयंपाकघरात. पहाटे साडेपाचचा गजर लावा आणि दोन बादल्या, एक पिंप रात्रीच धुऊन ठेवा. ते चाळीस मिनिटंच थांबतं.