गॅस बाहेर येतच नाही, तर दरवर्षी सिलिंडर कशाला?

कॉलेजं, इस्पितळं, आयटी पार्क यांच्या देखभालवाल्यांमध्ये चिलर, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणारं मोठं मशीन, आणि त्यातला आर-१३४ए हा गॅस यांच्याबद्दल एक मेसेज फिरतोय: ‘चिलरमधला गॅस बंदिस्त असतो, बाहेर येत नाही. आर-१३४ए ओझोनला सुरक्षित आहे. गॅस बदलला की वीजबिल वाढतं. चालू मशीनला हात लावू नका.’

गॅस बाहेर येत नाही? मग उन्हाळ्याच्या तोंडावर टॉप-अपची बिलं कशाची असतात? सील झिजतात, कंपनांनी जोड सैल होतात, सर्व्हिसिंगच्या वेळी गॅस हवेत सुटतो. एक किलो आर-१३४ए शंभर वर्षांच्या हिशेबात १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणजे दहा किलो गळाला की १४.३ टन. आपल्याकडच्या सुमारे २० हजार युनिट विजेमागे साधारण एवढाच धूर निघतो. वीज वाचवल्याचे फलक लावणाऱ्या संस्था हा आकडा कुठेच मांडत नाहीत, याचा मला राग येतो.

ओझोनचं म्हणणं बरोबर आहे. पण इथे प्रश्न तापमानवाढीचा आहे. त्यासाठीच २०१६ मध्ये आर-१३४एसारख्या वायूंचा वापर घटवण्याचा आंतरराष्ट्रीय किगाली करार झाला आणि २०२१ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. या वायूंचा आपला वापर २०२८ मध्ये गोठेल, २०३२ पासून उतरेल आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के घटेल. मोठा चिलर वीस-पंचवीस वर्षं चालतो. आज घेतलेल्या मशीनला उतारवयात गॅस कुठून आणणार?

विजेच्या मुद्द्यात मात्र अर्धं तथ्य आहे. आर-१३४एच्या मशीनमध्ये नुसता आर-१२३४झेडई हा उष्णता फारच कमी अडवणारा नवा गॅस भरला तर थंडावा बराच कमी पडतो. पण त्याच गॅससाठी घडवलेल्या मशीनची गोष्ट निराळी. आर-१२३३झेडडी या तशाच दुसऱ्या गॅसवरचे सेंट्रिफ्यूगल (वेगाने फिरणाऱ्या चाकाने गॅस दाबणारे) चिलर वीजबचतीत चांगले आहेत. शिवाय हा गॅस साधारण १८ अंशांना उकळतो, त्यामुळे चालू मशीनच्या थंड बाजूला दाब हवेपेक्षा कमी राहतो. तिथे भोक पडलं तर गॅस बाहेर जाण्याऐवजी हवाच आत येते. ती काढायला पर्ज युनिट लागतं. हे नवे वायू हवेत विघटित होताना टिकाऊ ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल तयार होऊ शकतं. ही चिंता रास्त आहे, म्हणून गळती यांचीही नकोच.

आणि हात लावायचा तरी कुठे? कॅम्पसभर फिरतं ते गार पाणी. गॅस असतो फक्त प्लँट रूममध्ये. इमारतींतले पाइप जागचे हलत नाहीत. मशीन बदलाल तेव्हा जुना गॅस रिकव्हरी सिलिंडरमध्ये काढून घ्या आणि किती किलो निघाला ते वजन कंत्राटदाराकडून लिहून घ्या.