नोंदणीचे पैसे आधी बाजूला काढा

किमतीच्या 20 टक्के जमले की घर घ्या, बाकी कर्ज आहेच, असं घरखरेदीवरच्या एका लेखात वाचलं. आमच्या बेळगावात तेवढ्यावर भागत नाही हो. 2019 ला अनगोळमध्ये 30 लाखांचं जुनं घर घेतलं. मुद्रांक शुल्क, त्यावरचे अधिभार आणि नोंदणी मिळून 6.6 टक्के, म्हणजे 1 लाख 98 हजार खिशातून. बँकेनं यातला एक रुपया कर्जात धरला नाही. शेवटी बायकोच्या पाटल्या गहाण! आता तर ऑगस्ट 2025 अखेरपासून नोंदणी शुल्कच 1 चं 2 टक्के झालंय.

खरेदीखत कन्नडमध्ये. शेजारच्या मास्तरांनी सहीआधी वाचून दाखवलं, तर चतुःसीमेत, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आहे त्या वर्णनात, पूर्व-पश्चिम उलटी! नंतर कळलं असतं तर चूकदुरुस्तीच्या दस्ताचा खर्च वेगळाच. परसातली विहीर मात्र फुकटात पदरात पडली, अजून एकदाही टँकर मागवला नाही.